खंयची गो तूं?

गडहिंग्लजला आमच्याकडे कुणी गोव्याला ‘जात’ नाही, सगळे ‘खाली उतरतात’. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, मग बांदा, मग पत्रादेवीचा नाका, की आला गोवा. माझे मामा दर गुरुवारी रात्री भाजीचा टेम्पो घेऊन खाली उतरायचे, कारण म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारचा. त्यामुळे लहानपणी गोवा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर समुद्र यायचाच नाही. शुक्रवारी कोबी जिथे खपतो तो गोवा.

२०२४च्या जूनमध्ये मी बिऱ्हाड घेऊन खाली उतरले तेव्हा पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, “मज्जा आहे बाबा तुझी!” मामांनी मात्र फोनवर विचारलं, “तिथं कॉम्प्युटरचं काम कोण देतंय गं?”

पुढचे सात महिने मामांचा प्रश्न पुरला.

झालं होतं असं, की नवऱ्याची बँकेत बदली झाली, म्हापसा शाखेत. माझी पुण्यातली कंपनी आधी कुठूनही काम करा म्हणायची, मग आठवड्यातून ३ दिवस ऑफिसला याच म्हणायला लागली. गोव्यातल्या पर्वरीहून पुण्यातल्या खराडीला आठवड्यातून ३ दिवस कोण जाणार? राजीनामा दिला. जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये सॉफ्टवेअर लिहायचं, पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळायचा, ७ वर्षांचा अनुभव. गाठीशी एवढं असल्यावर मिळेलच काहीतरी, असा हिशेब. पुण्यात राहून माणसाला एक खोटी श्रीमंती येते. नोकरी म्हणजे रिक्षा, एक गेली की मागून दुसरी आहेच, असं वाटायला लागतं.

घर शोधतानाच पहिला चटका बसला. दलालाने विचारलं, “तुम्हाला ११ महिन्यांसाठी हवंय की ऑक्टोबरपर्यंत?” मला प्रश्नच कळेना. मग उलगडा झाला की बऱ्याच मालकांना पावसाळ्यापुरताच भाडेकरू हवा असतो. सीझन सुरू झाला की तोच फ्लॅट रोजच्या दराने पर्यटकांना द्यायचा. शेवटी पर्वरीत एका काकींच्या घराचा वरचा मजला मिळाला. काकींनी करार वगैरे बाजूला ठेवला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “खंयची गो तूं?” म्हणजे, कुठली गं तू?

हा प्रश्न पुढे मला सगळ्यांनी विचारला. सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोळ्या आणि उंडे हे इथले पाव घेऊन येणाऱ्या पदेराने, पणजीच्या मिनीबसमध्ये “फुडें वच, फुडें वच” करत सगळ्यांना आत रेटणाऱ्या कंडक्टरने, मासळीवाल्या बाईने. आणि तोही पहिल्या भेटीतच ‘तूं’ म्हणून. मराठी कानाला ते आधी टोचतं, नंतर बरं वाटतं. मी म्हणायचे, गडहिंग्लज. त्यावर उत्तर ठरलेलं, “म्हणजे घाटार.” घाटावरची. क्वचित कुणी ‘घाटी’ म्हणून गेलं तर मी न ऐकल्यासारखं करायचे. गंमत अशी, की मराठी इथे परकी मुळीच नाही. सकाळी दारात मराठी पेपर पडतो, जत्रेत मराठी नाटक रंगतं, १९८७च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली तेव्हा सरकारी कामकाजात मराठीलाही जागा ठेवली गेली. पण मराठी घरची असली म्हणून मराठी बोलणारी बाई घरची होत नाही. काकींचं आणि माझं बोलणं आजही दोन रुळांवरून चालतं. त्या कोंकणीत, मी मराठीत. गाडी कधी अडलेली नाही.

नोकरीकडे वळते. लिंक्डइनवर ‘गोवा’ असा फिल्टर लावला की जाहिराती दिसायच्या बऱ्याच. पण निम्म्यांपुढचं ‘गोवा’ हे नावापुरतं. काम घरूनच करायचं, त्यामुळे अर्ज अख्ख्या देशातून येणार. जाहिरात पडून दोन तास झाले नाहीत तोवर तिथे ‘१००हून अधिक अर्ज’ लिहिलेलं असे. शिवाय आसगाव, शिवोलीकडे बंगळुरू-मुंबईची डेव्हलपर मंडळी कायम मुक्कामाला आलेली. ही माणसं पगार तिकडचा घेतात आणि पाऊस इकडचा बघतात. त्यांच्याशी माझी स्पर्धा नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते, पण ज्या मोजक्या चांगल्या जागा निघत त्यांना तीच माणसं अर्ज करत होती. उरलेल्या जाहिराती हॉटेलांच्या. ‘आयटी एक्झिक्युटिव्ह पाहिजे’. एका ठिकाणी मी खरोखर फोन केला. काम काय असेल? वायफाय, प्रिंटर, आणि लग्न असेल तेव्हा हॉलमधला प्रोजेक्टर.

मधल्या पट्टीत पणजीतल्या आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्या. त्यांना बहुतेक वेळा नुकतं पास झालेलं पोर हवं असतं आणि त्याचा तुटवडा नाही. फर्मागुडीच्या डोंगरावर सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, १९६७ सालचं. त्याच आवारात २०१६पासून आयआयटीही सुरू झाली. झुआरीनगरला बिट्स आहे. २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाख वस्ती असलेल्या राज्यासाठी हे काही कमी नाही. पण इथली हुशार मुलं पदवी घेतात आणि घाट चढून पुण्याला, नाहीतर बंगळुरूला जातात. मी खाली उतरत होते तेव्हा अनमोड नाहीतर आंबोलीच्या वळणावर समोरून ती सगळी वर चढत असणार.

६३ अर्ज केले. ९ ठिकाणांहून उत्तर आलं, ४ मुलाखती झाल्या. हा हिशेब मी वहीत लिहून ठेवला होता, जणू कुणी ऑडिटला येणार होतं.

पावसाळ्यात घरी बसून अर्ज करणंही सोपं नव्हतं. जुलैत एका स्टार्टअपच्या टेक्निकल राउंडला समोरच्याने विचारलं, लाखो नोंदींच्या टेबलवर ही क्वेरी, म्हणजे माहिती शोधायची आज्ञा, संथ का चालते? मी उत्साहाने इंडेक्सबद्दल सांगायला लागले, आणि कुठेतरी माडाची झावळी तारेवर पडली. वीज गेली, वायफाय गेलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून परत जोडले तर माझा चेहरा गोठलेला आणि आवाज अर्ध्या मिनिटाने मागून येणारा. क्वेरी संथ का चालते याचं प्रात्यक्षिकच म्हणायचं. त्या माणसाने सभ्यपणे मुलाखत आटोपती घेतली. नंतर मेल आला की तुमचं प्रोफाइल आम्ही जपून ठेवू. काकींना सांगितलं तर म्हणाल्या, “पळोवया.” पळोवया म्हणजे पाहू या. तो जपून ठेवण्याचा मेल आणि काकींचं पळोवया यांचा अर्थ एकच, पण पळोवया ऐकून माणसाला अपमान वाटत नाही.

मग मी पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसायला लागले. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय २०१२मध्ये नव्या इमारतीत आलं. त्याला कृष्णदास शामाचं नाव आहे. हा १६व्या शतकातला केळशीचा माणूस, आणि त्याने कृष्णकथा मराठीत लिहिली. तिथे वीज जात नाही, आणि गेलीच तर येते. पर्वरीहून खाली बेतीच्या धक्क्यावर यायचं, फेरीबोटीने मांडवी ओलांडायची (पायी चालणाऱ्याला तिकीट नाही, बेकार माणसासाठी ही फार मोठी गोष्ट), आणि पणजीच्या कडेकडेने पाटोवर. पुलावरून बसने लवकर होतं, पण मला कुठे लवकर पोचायचं होतं?

ग्रंथालयात आजूबाजूला सगळी सरकारी परीक्षांची मुलं. माझ्या शेजारी रोज एक डिचोलीची मुलगी बसायची, एलडीसीची तयारी करत. एलडीसी म्हणजे कारकून. ती कॉम्प्युटर इंजिनिअर होती. मी विचारलं, अगं मग हे का? ती म्हणाली, “घरची म्हणतात, पुण्याला जाऊन भाडं भरण्यात अर्धा पगार घालवण्यापेक्षा इथली सरकारी बरी.” सरकारी जाहिरातीतली भाषेची ओळ तिने मला दाखवली, कोंकणी आवश्यक, मराठी येत असल्यास बरं. आणि १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. माझं वास्तव्य तेव्हा १५ आठवड्यांचं होतं. त्याच दिवाळीच्या आसपास, सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये उकळणाऱ्यांच्या अटकांच्या बातम्या रोज पेपरात यायला लागल्या. ती मुलगी बातमी वाचायची, पेपरची घडी घालायची आणि पुन्हा अंकगणित सोडवायला घ्यायची. काही बोलायची नाही. मला मात्र तिच्याकडे बघून माझ्या ६३ अर्जांची लाज वाटायची.

पण खरी गोष्ट मला कळली ती तिसऱ्या मुलाखतीत. ऑफिस पणजीतच, मुलाखत समोरासमोर, जमली होती झकास. कोड लिहून दाखवला, त्यांनी माझी एक चूक काढली, मी त्यांची एक काढली, हसलो. शेवटी मालक खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “मिस्टर काय करतात?” बँकेत, म्हणाले मी. “म्हणजे बदली होऊन आलात. मग परत कधी जाणार?”

मी ततपप केलं. पुण्यात ७ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तिथे सगळे दोन-अडीच वर्षांत उड्या मारतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण एक गेला तर त्या खुर्चीसाठी खाली वीस जण उभे असतात. इथे एक सीनियर गेला की वर्षभर खुर्ची रिकामी. मालक मला चांगलं लिहिता येतं का हे तपासत नव्हतेच, ते पाच मिनिटांत कळलं होतं त्यांना. त्यांना एवढंच हवं होतं की ही बाई टिकेल का. आपली पोरं घाट चढून जातात, बाहेरून आलेले दुसऱ्या पावसाळ्याला कंटाळून जातात, आता या बँकवाल्याच्या बायकोवर काय भरवसा ठेवायचा? नोकरी मिळाली नाही. नवऱ्याचा धंदा विचारून बाईची लायकी ठरवणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. पण त्या प्रश्नामागची भीती खोटी नव्हती. ‘खंयची गो तूं’ला मी इतके महिने चौकशी समजत होते. तो हिशेब होता. कुठली आहेस ते सांग, म्हणजे कधी परतशील ते आमचं आम्ही मोजतो.

ऑक्टोबरात एक दिवस काकी जिन्यात थांबवून म्हणाल्या, “म्हज्या भाच्याचें कांदोळेंत हॉटेल आसा. ताच्या कंप्युटरांत कितें तरी जालां. वचून पळय मगो.”

प्रिंटर असणार, असं मनाशी म्हणत मी गेले. प्रिंटर नव्हता. ११ खोल्यांचं छोटंसं हॉटेल, तीन बुकिंग पोर्टलांवर लावलेलं, शिवाय फोनवरचं बुकिंग एका लाल डायरीत. दसऱ्याच्या सुट्टीत एकच खोली दोघांना विकली गेली होती. नाशिकचं एक कुटुंब रात्री अकरा वाजता दोन पेंगुळलेली पोरं घेऊन दारात उभं, आणि त्यांच्या खोलीत दुसरेच झोपलेले. भाच्याने त्यांना स्वतःच्या घरी झोपवलं, सकाळी बायकोने पोळे घालून वाढले. त्या कुटुंबाने पाचपैकी पाच तारे दिले, पण भाच्याची झोप उडाली ती उडालीच. डिसेंबर तोंडावर आला होता.

असं का होतं, हे सांगायला मला तिथे फार मजा आली. बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी माझं काम समजून घेत होतं. पोर्टलं एकमेकांशी कॅलेंडरच्या लिंकने जोडलेली होती, आणि ही लिंक दर काही तासांनी एकदा डोकावून बघते. मधल्या वेळात दोन माणसांनी दोन ठिकाणी तीच खोली घेतली तर दोघांनाही ‘अभिनंदन’ जातं. उपाय असा की खोल्यांचा साठा एकाच जागी ठेवायचा आणि प्रत्येकाने तिथूनच उचलायचं. पोर्टलांशी थेट जोडणी अशा एकट्यादुकट्याला मिळत नाही, मध्ये चॅनल मॅनेजर नावाची सेवा घ्यावी लागते. ती घेतली. लाल डायरीसाठी मी एक साधं पान बनवलं आणि खाली पोस्टग्रेसमध्ये नियम बसवला की एका खोलीचे दोन मुक्काम एकमेकांवर चढले तर नोंदच नाकारायची. जाण्याचा दिवस मुक्कामात धरायचा नाही, कारण त्याच दुपारी दुसरा येतो. एवढी एक कानामात्रा चुकली असती तर त्या दिवशी रिकामी होणारी खोलीही भरलेलीच दिसली असती.

अडचण आली ती भलतीच. मी विचारलं, खोल्यांचे प्रकार किती? भाचा म्हणाला, ११. म्हटलं, प्रकार विचारतेय, खोल्या नव्हेत. तो म्हणाला, “११च. आंब्याकडची, बांयकडची, जिन्याखालची...” त्याच्या लेखी प्रत्येक खोली वेगळी. बांयकडच्या खोलीत पहाटे विहिरीच्या पंपाचा आवाज येतो, म्हणून ती म्हाताऱ्या माणसांना द्यायची नाही. आंब्याकडची मेमध्ये मुलांच्या कुटुंबाला द्यायची. पोर्टलला यातलं काही कळत नाही. त्याला ‘डीलक्स’ नावाच्या पेटीत पाच खोल्या हव्या असतात. आम्ही दोन संध्याकाळी त्यावर भांडलो.

नोव्हेंबरच्या अखेरीस बिलं तपासताना मला चॅनल मॅनेजरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चूक सापडली. तेव्हाचा जीएसटीचा नियम असा होता की दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर १२ टक्के, त्यावर १८. नाताळच्या तोंडावर भाडी मधेच चढतात. समजा कुणी चार रात्री राहिलं, दोन रात्री ६,८०० रुपयांनी आणि दोन ८,२०० रुपयांनी. त्यांचं सॉफ्टवेअर सरासरी काढत होतं. सरासरी बरोब्बर ७,५००, म्हणून सगळ्या ३०,००० रुपयांवर १२ टक्के, ३,६०० रुपये कर. पण कर दर दिवसाच्या भाड्यावर लागतो. म्हणजे १३,६०० रुपयांवर १२ टक्क्यांनी १,६३२ आणि १६,४०० रुपयांवर १८ टक्क्यांनी २,९५२. एकूण ४,५८४. फरक ९८४ रुपयांचा, आणि तो उद्या हॉटेलवाल्याच्याच गळ्यात पडणार. मी हे उदाहरणासकट त्यांना मेलने कळवलं. नोकरीचा विचारही मनात नव्हता. बायोडेटा जोडायचं सुचलं नाही यावर नवरा अजून हसतो.

दोन तासांत फोन आला. पलीकडच्या माणसाने मेल, कर, सरासरी काही काढलं नाही. पहिलं वाक्य, “तूं खंयची गो?”

कंपनी पणजीतलीच निघाली, मळा नावाच्या भागात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, ९ माणसं. पण आधी त्यांच्याकडे जागा नव्हती, मग सीझन होता, मग ‘फाल्यां, फाल्यां’, म्हणजे उद्या, उद्या, चाललं. ३१ डिसेंबरच्या रात्री मी लॅपटॉप उघडा ठेवून बसले होते. खाली रस्त्यावर पोरांनी जुन्या वर्षाचा म्हातारा बनवून त्याच्या नावाने वर्गणी मागायचा सपाटा लावला होता. कांदोळीच्या अकराही खोल्या भरलेल्या. बारा वाजता म्हातारा जळला, फटाके उडाले. भाच्याचा फोन आला नाही. एकापर्यंत वाट पाहिली, मग झोपले.

जानेवारीत बोलावणं आलं. फेरीबोटीने गेले. तासभर गप्पा, अर्ध्या जीएसटीवर आणि अर्ध्या गडहिंग्लजच्या मिरचीवर. शेवटी तो प्रश्न आलाच, “कितले दीस रावतली?” किती दिवस राहशील. या वेळी मी ततपप केलं नाही. सरळ सांगितलं, बँकेचा नेम नाही, साधारण ३ वर्षांनी हलवतात, म्हणजे २०२७च्या उन्हाळ्यापर्यंत धरा, त्यापुढचं मी सांगू शकत नाही.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तितलें पुरो. हांगा सगळेच वतात.” तेवढं पुरे, इथे सगळेच जातात.

पगार पुण्यापेक्षा ३० टक्क्यांनी कमी. मी घासाघीस केली नाही याची मला आजही थोडी चुटपूट आहे. करायला हवी होती.

त्यालाही आता वर्ष उलटलं. २०२५च्या सप्टेंबरात, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर १२वरून ५ टक्क्यांवर आला. आदल्या रात्री आम्ही तिघं अडीचपर्यंत ऑफिसात, आधीच घेतलेल्या आगाऊ रकमांचं काय करायचं यावर वाद घालत. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाने रस्त्याचं वाटोळं झालंय, त्यामुळे फेरीबोट अजून सुटलेली नाही. डिचोलीची मुलगी मध्यंतरी पणजीत भेटली. यंदा पुन्हा परीक्षा देतेय. आमच्याकडे जागा निघाली तेव्हा मी तिला कळवलं होतं. ती म्हणाली, “पळोवया.”

आणि बँकेत यंदा लवकर बदल्या निघणार अशी कुजबुज आहे. नवऱ्याचं नाव यादीत असेल की नाही, कुणाला ठाऊक. ऑफिसात मी काही बोललेले नाही. फक्त, गेली दोन वर्षं सगळ्यांच्या डोक्यातच राहिलेलं ते काम, आमचं सॉफ्टवेअर कसं चालतं ते नव्या माणसासाठी लिहून काढायचं, ते मी हातात घेतलंय. इंग्रजीत सुरू केलं, मग पुसलं. आधी मराठीत लिहिते, इथल्या सगळ्यांना वाचता येतं. काल पहिलं पान झालं. त्याचं नाव आहे, ‘खोली म्हणजे काय’. त्यात आंब्याकडची आहे, बांयकडचीही आहे, आणि पंप पहाटे किती वाजता सुरू होतो तेही लिहिलंय.